अकरा घरांची एक खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझ्या उशाकडच्या दांडीवर पत्र्याची एक पट्टी आहे आणि तिच्यावर ठोकून ४१७ असा आकडा उमटवलेला आहे. हा माझा सरकारी क्रमांक. आता माझा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, एक पाय किंचित वाकडा आहे आणि कोणी जोरात बसलं की मी कुरकुरते. पण माझी कशाबद्दल तक्रार नाही. उलट सगळं नीट पार पडलं म्हणूनच आज मोकळेपणाने बोलते आहे. तीन वर्षांहून जास्त काळ मी एक गुपित पोटात ठेवून होते. त्या गुपितात अकरा घरं अडकली होती आणि एक लहान मुलगी आपल्या माणसांपासून कायमची तुटायची वेळ आली होती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक नळ्या यायच्या, यंत्रात घालून त्या वाकवल्या जायच्या आणि मग वेल्डरच्या हाती पडायच्या. माझा वेल्डर शिट्टी वाजवत काम करायचा. खाट तयार झाली की तो स्वतः तिच्यावर बसून पाहायचा. माझ्यावर तो बसला, दोनदा दणकन आपटला आणि म्हणाला, “ही टिकेल.” आयुष्यातली पहिली शाबासकी ती. मग मला फिकट हिरवा रंग देण्यात आला, पट्ट्या विणण्यात आल्या आणि ट्रकमध्ये बसून मी बालक व कुटुंब सेवा कचेरीत दाखल झाले.

तिथल्या भांडारबाबूंनी माझी नोंद ‘जडवस्तू नोंदवही’त केली. सरकारी खुर्च्या, टेबलं, कपाटं यांची हजेरी ज्या वहीत असते, तिला असं म्हणतात. जडवस्तू! चार जणांत कोणी तोंडावर बोलावं तसं मला लागलं. पण क्रमांकाची पट्टी मिळाली, तेव्हा मात्र मी मनातल्या मनात फुशारले.

ती कचेरी कशासाठी होती, ते सांगते. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासींच्या वस्त्या होत्या. रस्ता, वीज, कचेऱ्या हे सगळं यायच्या कितीतरी आधीपासून ती माणसं तिथे राहत होती. त्यांच्या मुलाबाळांसाठी सरकारने निधी ठेवला होता. लस, औषधं, शाळेची वह्या-पुस्तकं, आजारी आईला मदत, सगळं त्यातून व्हायचं. हेतू चांगला होता. मी स्वतः त्याच हेतूने बनलेली, तेव्हा नावं कशी ठेवू? पण कोणत्या घरात मूल ठेवायचं आणि कोणत्या घरातून काढायचं, हे ज्या कागदावर ठरायचं त्यात एक प्रश्न होता. एकोणिसावा. ‘मुलासाठी स्वतंत्र खाट आहे काय?’ पुढे दोन चौकटी. आहे. नाही.

‘नाही’वर खूण झाली की घराचं नाव काळजीच्या यादीत जायचं. त्यात घरात आजारपण असलं किंवा कमावतं माणूस नसलं, की मूल शहरातल्या बालगृहात. म्हणून कचेरीने ठरवलं, घरोघरी खाटाच देऊन टाकू. आमच्या वस्तीत चाळीस घरं. पंचवीस खाटा मंजूर झाल्या. पोचल्या तीन. बाकीच्या कुठल्या तरी फायलीत अजून ताटकळत असतील. त्या तिघींपैकी एक दवाखान्याने मागून नेली, दुसरीचं बकऱ्यांच्या वाड्याला फाटक झालं. उरले मी.

माझ्या पहिल्या घरातल्या बाईने मला पुसून पुसून लख्ख केलं, भिंतीला लावलं आणि लांबून कौतुकाने पाहिलं. तिची दोन्ही मुलं माझ्यावर एकदा नाचली आणि खाली उतरली ती उतरलीच. त्या वस्तीत मूल मोठ्यांच्या मधे झोपतं. एका अंगाला एक पाठ, दुसऱ्या अंगाला दुसरी, आणि एकच लांब पांघरूण. लेकराला एकटं उचलून उंचावर ठेवायचं म्हणजे त्याने काय गुन्हा केला, असं त्या लोकांना वाटायचं. मग माझ्यावर पांघरुणांच्या घड्या आल्या, रेडिओ आला, वाळलेले कपडे आले. माझ्याखाली एका कोंबडीने अंडी उबवायला घेतली. सरकारी क्रमांकाच्या खाटेची ही शोभा! मी चरफडत उभी राहिले, दुसरं करणार काय?

एक दिवस शेजारीण धापा टाकत मागच्या दाराने आत आली.

“खाट दे गं तासभर! जीप आलीय.”

घराची बाई काही विचारायला थांबली नाही. रेडिओ खाली, कपडे खाली, कोंबडी कलकलाट करत बाजूला, आणि मी दोघींच्या खांद्यावर. परसातून, कुंपणाच्या फटीतून, न्हाणीच्या मागून मी शेजारच्या घरात पोचले, तेव्हा पुढच्या खोलीत पाहणीबाई चहा पीत होती. वस्तीने तिला दिलेलं नाव ते. घरांची पाहणी करायला यायची म्हणून पाहणीबाई. उंच, सावकाश चालणारी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दारात आली की आधी मोठ्याने खाकरायची, मग पाणी मागायची, मग चहाला नाही म्हणायची आणि मग घ्यायची. तेवढ्यात मागच्या खोलीत मी उभी राहायचे, माझ्यावर चादर पसरली जायची आणि वर एक उशी. पाहणीबाई आत यायची, चष्मा नाकावर चढवायची, वाकून माझी पट्टी वाचायची आणि कागदावर काहीतरी लिहून घ्यायची.

झालं! मग तो वस्तीचा शिरस्ताच पडला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पांढरी जीप दिसली की तो घंटी वाजवत सुटायचा. जिकडे जीप वळेल तिकडे मी निघायचे. कधी मी खिडकीतून आत गेले, कधी छपरावरून उतरले. एकदा तर कोंबडीने माझ्यावर घातलेली दोन अंडी घाईत तशीच आली आणि चादरीखाली फुटली. तिसऱ्या घराच्या उंबऱ्याला अडकून माझा पाय वाकला. त्याच वाकड्या पायावर पाहणीबाईची नडगी आपटली आणि ती “आई गं!” म्हणून मटकन खाली बसली. घरातल्यांचा जीव टांगणीला. तिने नडगी चोळली, पट्टी वाचली आणि लिहून घेतलं. बायका मागाहून तोंडाला पदर लावून हसायच्या आणि म्हणायच्या, “काय भोळी बाई आहे!” मलाही हसू यायचं. गोधड्या वाहण्यापेक्षा हे काम बरं होतं. मुलं राखायचं काम होतं ना ते.

कारण त्या हसण्याखाली भीती होती, मित्रांनो. वस्तीतली मोठी माणसं लहान असताना अशाच गाड्या यायच्या आणि शिकवून शहाणं करतो म्हणून मुलं घेऊन जायच्या. काही परत आली, ती घरची बोली विसरून. काही आलीच नाहीत. ज्या घराची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, त्या घरातल्या मामीच्या आईची धाकटी बहीण अशीच गाडीत बसली होती. तिचं पुढे काय झालं, ते आजतागायत कोणाला माहीत नाही.

आता त्या मुलीकडे येते. तिला सगळे मुंगी म्हणायचे. जिथे नको तिथे शिरायची आणि हाताला लागेल ते ओढून न्यायची, म्हणून मुंगी. तिचे वडील ती पोटात असतानाच गेले. आई आपल्या भावाकडे राहायला आली. हा मामा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बोलणं कमी, हात तेलकट. मामी गोदामात पोती शिवायची आणि तिचा आवाज गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. मुंगी आईच्या आणि मामीच्या मधे झोपायची आणि मामीच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. मामी कुरकुर करायची, “माझं पोट म्हणजे काय धर्मशाळा आहे का?” पण पाय कधी खाली ठेवला नाही.

मुंगी तीन वर्षांची झाली आणि आईच्या छातीत आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, मोठ्या रुग्णालयात वर्षभर तरी ठेवावं लागेल. आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी जीप आली. त्या दिवशी पाहणीबाई रजेवर होती. तिच्या जागी एक तरुण अधिकारी आला होता. तो खाकरला नाही, त्याने पाणी मागितलं नाही, चहा घेतला नाही. सरळ मागच्या खोलीत गेला.

आणि मी? मी ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरात होते. सायकलवाल्याने घंटी वाजवली, चार जणींनी मला उचललं आणि पळायला लागल्या. कुंपणाच्या तारेत माझा तोच वाकडा पाय अडकला. त्यांनी ओढलं, हिसडलं, एकीचा हात कापला. आम्ही मामीच्या परसात पोचलो तेव्हा पुढच्या बाजूला जीपचं दार लागल्याचा आवाज आला. अधिकाऱ्याने एकोणिसाव्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण केली होती. मुंगीला तो शहरातल्या बालगृहात घेऊन गेला.

मामी दारात उभी होती. जीपची धूळ खाली बसली तरी ती तिथेच होती. बायकांनी मला मागच्या खोलीत ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेल्या. मला कोणी बोल लावला नाही. पण तुम्हाला खरं सांगते, त्या दिवसाइतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा-मामींनी मुंगीला परत मिळवण्यासाठी अर्ज केला. पाहणीबाई रजेवरून आली, घर पाहून गेली, माझी पट्टी वाचून गेली. माझं हे अकरावं घर. त्या दिवशी तिने चहा घेतला, पण कप तसाच हातात धरून बसून राहिली. मग चौदा महिने गेले. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिले. त्या चौदा महिन्यांत मामीला मुंगी तीनदा भेटली, तीही बालगृहाच्या ऑफिसात, समोर बाई बसलेली असताना. तिसऱ्या भेटीत मुंगीने तिला ‘मामी’ न म्हणता ‘बाई’ म्हटलं. घरी आल्यावर मामीने त्या आठवड्यात दुप्पट पोती शिवली.

आणि मग भांडारबाबूंनी दर वर्षी राहून जाणारी मोजणी काढली. त्या वस्तीला पाठवलेल्या खाटा तीन. अहवालांत खाट असलेली घरं अकरा. त्यांनी सगळे अहवाल एकापुढे एक मांडले. अकराही ठिकाणी एकच क्रमांक, ४१७. थोड्याच दिवसांत मामाच्या हातात पत्र आलं. मुंगीच्या ताब्याबाबत सुनावणी आहे, खाट क्रमांक ४१७ सह हजर राहावे.

वस्तीचं धाबं दणाणलं. आई अजून रुग्णालयातच आहे, ती बरी होण्याची खात्री नाही आणि मुंगीला दूरच्या शहरातलं एक कुटुंब कायमचं घ्यायला तयार आहे, असंही पत्रात होतं. म्हणजे सुनावणीत मामी हरली की मुंगी गेलीच. आणि उरलेल्या दहा घरांतली मुलं? लोक मामाकडे जमले. कोणी म्हणालं, खाट तुझीच म्हणून सांग. कोणी म्हणालं, नदीत टाकून दे आणि हरवली म्हण. मी कोपऱ्यात सगळं ऐकत होते.

मामी म्हणाली, “खोटं बोलायचं नाही मला. पण कोणाचं नावही घ्यायची नाही. जा घरी सगळे.”

सुनावणीची खोली मोठी होती. लांब टेबल, लाल फितीच्या फायली, दर फेऱ्याला टक्‌ वाजणारा पंखा. मला खोलीच्या मधोमध ठेवण्यात आलं. टेबलामागे पिकल्या केसांचे साहेब बसले होते, शेजारी भांडारबाबू, बाजूला पाहणीबाई. समोर मामा आणि मामी. मामाने हात घासूनघासून धुतले होते, तरी नखांत तेल होतंच.

साहेबांनी विचारलं, “ही खाट तुमची?”

“नाही,” मामी म्हणाली.

“मग कोणाची?”

“सरकारची. नंबर आहे की तिच्यावर.”

भांडारबाबूंना हसू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं.

“हीच खाट अकरा घरांत दिसली आहे. ती कशी?”

“पायांनी चालत तर गेली नसेल,” मामी बोलून गेली. मामाने हळूच तिच्या पायावर पाय दिला. तेव्हा तिने पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. “साहेब, खरं सांगते. घरात खाट नसली की पोर जातं, एवढं आम्हाला माहीत होतं. म्हणून खाट फिरवली. कोणी उचलली, कोणी नेली, ते विचारू नका. काय शिक्षा करायची ती मला करा. पण आमची पोर द्या.”

“म्हणजे मुलगी खाटेवर झोपत नव्हतीच?”

“नाही. माझ्याजवळ झोपायची.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “ही सरळसरळ फसवणूक आहे, बाई. तिकडच्या कुटुंबाकडे मुलीसाठी वेगळी खोली आहे. सगळं नियमात आहे.” आणि त्यांनी फाईल जवळ ओढली. मामीने मामाचा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात पाहणीबाई खाकरली. त्याच त्या दारातल्या खाकरण्याने. ती उठून उभी राहिली.

“साहेब, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“एकच खाट फिरतेय ते. तिसऱ्या घरात नडगी फुटली माझी हिच्या पायावर. वण आहे अजून. पाचव्या घरात तोच वाकडा पाय पाहिला, तेव्हा वळसा घालून गेले. दारात खाकरायचे, पाणी मागायचे, चहा घ्यायचे, ते काय मला तहान लागायची म्हणून?”

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, नाहीतर त्या वेळी माझा आ वासला असता. भोळी म्हणे!

साहेब म्हणाले, “मग अहवालात खोटं का लिहिलंत?”

“खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. कागद विचारतो, घरात खाट आहे का. होती. कागद विचारतो, क्रमांक काय. लिहिला. खोटंच लिहायचं असतं तर अकरा घरांना अकरा वेगळे नंबर नसते का टाकले?” तिने नाकावरचा चष्मा गळ्यात सोडला. “तीन वर्षं मी तोच आकडा लिहितेय साहेब. वरती कोणीतरी वाचेल, विचारेल, की बाई, अकरा घरांत एकच खाट कशी, आणि खाट नसलेल्या घरांतली मुलं इतकी चांगली वाढतात कशी. कोणी वाचलंच नाही. आज पहिल्यांदा वाचलंत. माझी चूक एवढीच, की हे मी तोंडाने बोलायला हवं होतं. ते धाडस झालं नाही. मी रजेवर गेले आणि मुंगी गेली.”

पंखा टक्‌ टक्‌ करत राहिला. साहेबांनी फाईल उघडली, पण सही केली नाही. ते वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. एका पानावर थांबले आणि मोठ्याने वाचलं, “बालगृहाचा अहवाल. मुलगी खाटेवर झोपत नाही. खाटेखाली, भिंतीला पाठ चिकटवून झोपते. वारंवार समज देऊनही फरक नाही. वर्तनात दोष.”

मामीच्या तोंडून एक आवाज निघाला. बोलणं नव्हतं ते. मग ती म्हणाली, “दोष नाही हो साहेब. भिंतीला पाठ लावून आमच्या पाठी शोधतेय ती.”

साहेबांनी शिपायाला खूण केली. बाहेरच्या बाकावर बालगृहातल्या ताईबरोबर मुंगी बसली होती. ती आत आली. उंची वाढली होती, केस कापले होते, पायांत नवे बूट. इतकी माणसं पाहून ती बावरली. तिने मामीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, ओळख दिली नाही. आणि मग ती तीरासारखी माझ्याकडे आली, वाकली आणि माझ्याखाली जाऊन बसली.

ताई तिला ओढायला निघाली. “राहू दे,” साहेब म्हणाले.

मामी उठली. अंगाने जाड, दिवसभर पोती शिवून गुडघे धरलेले. ती त्या सरकारी फरशीवर आधी बसली, मग हात टेकून आडवी झाली, साहेबांसमोर, भांडारबाबूंसमोर. तिने डोकं माझ्या दांडीखाली घातलं. हाका मारल्या नाहीत, रडली नाही. रोज निजताना म्हणायची तसं अगदी साध्या आवाजात म्हणाली, “सरक गं थोडी. मला जागा दे.”

मुंगी बघत राहिली. मग ती सरकली.

मामी अर्धी माझ्याखाली, अर्धी बाहेर, अशी पडून राहिली. थोड्या वेळाने मुंगीने बूट काढले. एक, मग दुसरा. पाय मामीच्या पोटावर टाकला. मामी कुरकुरली, पण पाय खाली ठेवला नाही. आणि ती पोर, भरदुपारी, दहा माणसांच्या देखत, झोपून गेली. मी वर उभी होते. माझ्यावर कोणी झोपावं म्हणून मला बनवलं होतं. त्या दुपारी मी दोघींचं छप्पर झाले आणि हूं की चूं केलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पाहणीबाईला हळू आवाजात विचारलं, “एकोणिसाव्याला काय लिहू?”

“जे दिसतंय ते लिहा.”

साहेबांनी दोन्ही चौकटी आडव्या खोडल्या आणि शेजारी लिहिलं, मूल मामीजवळ झोपते. आईची प्रकृती सुधारेपर्यंत मुलगी मामा-मामीकडे राहील, आईशी भेटी होत राहतील, असा हुकूम झाला. सही होताना मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

“आणि बाकीची दहा घरं?” भांडारबाबूंनी विचारलं. मामाचे खांदे थांबले.

“त्यांतल्या मुलांची वजनं, लस, शाळा?” साहेबांनी पाहणीबाईकडे पाहिलं.

“सगळं अहवालात आहे. तेही वाचा.”

साहेबांना हसू फुटलं. “वाचतो बाई, वाचतो. खाटांचा प्रश्नच काढून टाकू या आधी.” माझ्या पट्ट्यांमधून खालच्या मामीचा श्वास मला जाणवत होता. तो तेव्हा कुठे सुटला.

परतीच्या वाटेवर मी जीपच्या टपावर दोरीने बांधलेली होते. आत मामीच्या मांडीवर मुंगी जागी झाली होती आणि ड्रायव्हरच्या सीटच्या फाटक्या कव्हरातून काथ्या ओढत होती. आम्ही वस्तीच्या वळणावर आलो आणि सायकलवाल्याची घंटी ऐकू आली. बायांची एकच धावपळ उडाली. मुलं घरात ओढली गेली, दारं धडाधड लागली. वस्तीत चिटपाखरू दिसेना. जीप मामाच्या दारासमोर थांबली. आधी मामा उतरला. मग त्याने आत हात घातला आणि मुंगीला खाली ठेवलं.

एक दार किलकिलं झालं. मग दुसरं. या गाडीत मुलं चढताना वस्तीने पाहिली होती. गाडीतून मूल उतरताना कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारीकोतारी बाहेर आली, पोरं बाहेर आली. मुंगी अनवाणीच चालत आपल्या दारात गेली, उंबऱ्यावर बसली आणि मागे वळून म्हणाली, “मामी, ये ना!” सायकलवाला घंटी वाजवतच राहिला. त्याला थांबायचं भानच राहिलं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सरकारचा निधी अजून येतो, पण तो कुठे आणि कसा लागावा हे आता वस्तीतली माणसं बसून ठरवतात. घरोघरी जायला वस्तीतल्याच दोन बायका तयार केल्या आहेत. पाहणीबाई त्यांच्यासोबत येते, चहाला नाही म्हणते आणि घेते. नवीन कागदावर विचारतात, मूल कोणाजवळ राहतं, कोणाजवळ झोपतं, त्याला भीती कशाची वाटते. मुंगीची आईही बरी होऊन घरी आली. जमिनीवरून उठायला तिला अजून त्रास होतो, म्हणून कचेरीने मला रीतसर तिच्या नावावर करून दिलं. जडवस्तू नोंदवहीतून माझं नाव कमी झालं, त्या दिवशी मला काय वाटलं ते विचारू नका!

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी खाट असेल तर तिला अडगळीत लोटू नका. सांध्यांना तेल द्या, सैल झालेल्या पट्ट्या आवळा, पावसात बाहेर ठेवू नका. आणि मोठेपणी कधी दुसऱ्याच्या घराबद्दल ठरवायची पाळी तुमच्यावर आली, तर कागद काढण्याआधी घटकाभर तिथे बसा. पाणी मागा. मूल दचकल्यावर कोणाच्या अंगाशी जातं ते पाहा आणि तेच लिहा. जे दुसऱ्याने लिहिलंय, तेही वाचा. माझी एवढीच विनंती आहे.

आता थांबते. मुंगीची आई दुपारची पाठ टेकायला आली आहे. तिने मुंगीचा हात धरला आहे, मुंगी खाली मामीशेजारी आहे. तिघींचा डोळा लागेपर्यंत मला जराही कुरकुरायचं नाही.